गाठीचं पाणी तोडलं तेव्हा

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी स्वतःचाच ब्लाऊज दोनदा उसवून आत घेतला. कामरगावात माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत मशीन आणि दारावर हाताने रंगवलेली पाटी. दिवसभर दुसऱ्यांची मापं घेते, त्यामुळे कोणाचं अंग भरलं, कोणाचं उतरलं हे मला टेप लावायच्या आधीच कळतं. माझं अंग मात्र उतरत चाललं होतं आणि मला ते सणाच्या कामाच्या दगदगीमुळे वाटत होतं. जेवण जात नव्हतं. उजव्या बरगडीखाली कोणीतरी ओली चादर घडी करून ठेवल्यासारखं जड वाटायचं.

आमच्या ह्यांनी एकदा माझ्या ताटातली अर्धी भाकर उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "काहून वं, जेवून काहून नाई राह्यली तू? चाल उद्या कारंज्याले."

कारंज्याला सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी ते यंत्र माझ्या पोटावर एकाच जागी पुन्हापुन्हा फिरवलं. मग मला बाहेर बसवून ह्यांना आत बोलावलं. हे बाहेर आले तेव्हा हातातली टोपी चुरगाळत होते. "लिव्हरवर गाठ हाये म्हने," एवढंच बोलले. 

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. पहिल्या दिवशी सुई मला टोचली आणि चक्कर ह्यांना आली. नर्सने ह्यांना बाकड्यावर आडवं केलं, पाणी पाजलं, आणि माझं रक्त काढायचं काम अर्धवट ठेवून आधी ह्यांच्या नाडीकडे पाहिलं. तशा दिवसातही मला हसू आलं.

तिथल्या डॉक्टर बाई होत्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "घरात कोणाला यकृताचा आजार होता का?"

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. पोटात पाणी झालं होतं, एवढंच मला आणि माझ्या धाकट्या भावाला माहीत. ते मी सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. माझ्या रक्तात हेपॅटायटिस बी नावाच्या काविळीचा विषाणू निघाला होता. बहुतेक जन्माच्या वेळीच आईकडून आला असावा, असं त्या म्हणाल्या. इतकी वर्षं तो काही न दाखवता आत बसून होता, आणि त्यातूनच हा कॅन्सर झाला होता.

"म्हणजे दारूमुळे नाही?" मी विचारलं. हा प्रश्न मला विचारायचाच होता. सोनोग्राफीची बातमी गावात आमच्या आधी पोचली होती, आणि लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते. मी लग्नातलं सरबतसुद्धा वास घेऊन पिणारी बाई.

"दारूचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या भावाला तपासणी करायला सांगा. मुलीलाही, घरच्या सगळ्यांनाच."

गाठ मोठी होती. तिच्याशेजारी एक लहान. कापून काढण्यासारखी जागा नव्हती. पण ती मोठ्या शिरेत शिरलेली नव्हती आणि बाकीचं यकृत अजून नीट काम करत होतं. "आपल्या हातात करण्यासारखं पुष्कळ आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात भरती व्हा. सोबत बाईमाणूस आणा, बायकांच्या वॉर्डात पुरुषांना राहू देत नाहीत."

बाईमाणूस कुठून आणायचं, हा मोठाच प्रश्न होता. आमची एकुलती एक मुलगी अकोल्याला नुकतीच बाळंत झाली होती. सासूबाई नाहीत. राहता राहिली माझी मोठी जाऊ, म्हणजे माझ्या भासऱ्यांची, ह्यांच्या मोठ्या भावाची, बायको. तिचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एकच. पण त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो.

भांडण पाण्याचं होतं. शेताच्या हिस्सेवाटण्या झाल्या तेव्हा विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या. एका उन्हाळ्यात आमच्या पाळीच्या दिवशी पाइपाचा कॉक बंद झाला, आणि आम्ही नव्याने लावलेली संत्र्याची कलमं वाळून गेली. मी म्हटलं, तिने बंद केला. ती म्हणाली, आमची पाळी आदल्या दिवशीच संपली होती. कोण खरं, यावर आजही आमचं एकमत नाही. दोघे भाऊ महिन्याभरात बोलायला लागले. आम्ही नाही. तिच्या फोडणीचा वास मला यायचा, माझ्या मशीनचा आवाज तिला जायचा, पण शब्द जात-येत नव्हता.

नागपूरला निघायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्टँडवर पोचलो तर ती तिथे उभी. एका हातात पिशवी, काखेत चादरीची वळकटी.

"भाऊजी, तुमी घरी जा," ती ह्यांना म्हणाली. "वावरात तूर हाये, ढोरं हायेत. अन् तुमाले तं रगत पाहून चक्कर येते. इच्यासंगं मी जातो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहत होते.

"माह्याशी बोलाचं नसन तं नोको बोलू," ती मला म्हणाली. "दवाखान्यात बोलनं सक्तीचं नाई."

बस आली. ती आधी चढली आणि खिडकीची जागा धरून मला तिथे बसवलं. धनज गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं फुलावर होती. आम्ही दोघीही समोर पाहत होतो. बडनेऱ्याला बस थांबली तेव्हा तिने पिशवीतून फडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. आत भाकर आणि मुगाची कोरडी डाळ.

"तिखट कमी टाकलं हाये," ती म्हणाली. "तुवं पोट दुखते म्हने."

मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "मीठबी कमी हाये."

"हाव का!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "मंग बोलली तं बापा!"

अमरावती येईपर्यंत आम्ही मिठावरच बोलत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं.

भरती झाल्यावर संध्याकाळी डॉक्टर बाई खाटेजवळ आल्या आणि कागदावर चित्र काढून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. माझ्यापेक्षा जाऊच जास्त लक्ष देऊन ऐकत होती.

"यकृताला रक्त दोन वाटांनी येतं," डॉक्टर म्हणाल्या. "एक मोठी शीर आतड्यांकडून येते. यकृत मुख्यतः तिच्यावर जगतं. दुसरी वाट धमनीची. ही गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतूनच ओढते. म्हणून उद्या मांडीच्या सांध्यातून एक बारीक नळी घालून गाठीला जाणाऱ्या फांदीपर्यंत जायचं. तिथे औषध सोडायचं आणि अगदी बारीक मण्यांनी ती फांदी बंद करून टाकायची. गाठ उपाशी पडते, पण यकृत दुसऱ्या वाटेवर जगतं. नंतर दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषधं द्यायची, ती जरा महाग आहेत."

"मंग त्या महागाच्या सलाईनी कायले?" जाऊने विचारलं.

"कारण गाठ एका फटक्यात सगळी मरेल असं नसतं. कडेला थोडी जिवंत राहिली तर पुन्हा वाढते. रक्त तुटलं की ती नव्या शिरा फोडायला बघते. सलाईनमधलं एक औषध त्या शिरा होऊ देत नाही. दुसरं औषध इम्युनोथेरपीचं. आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. गाठ त्यांना ब्रेक लावून ठेवते, हे औषध तो ब्रेक काढतं. आणि नळीच्या उपचाराने गाठ आतून फुटली की त्या पेशींना तिची ओळख पटायला मदत होते, असं आम्हाला वाटतं."

"म्हंजे आधी गाठीचं पानी तोडाचं, अन् मंग घरचे राखनदार जागे कराचे."

"अगदी तसंच," डॉक्टर बाई हसल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पानी तोडाचं म्हनान तं इले बरं जमते, डॉक्टर."

मग जाऊने पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मलाही हसू आवरेना, आणि हसलं की बरगडीखाली दुखत होतं. डॉक्टर बाईंना काय चाललंय ते कळलं नाही. जाऊने डोळे पुसत त्यांना विहिरीची सगळी गोष्ट सांगितली, अर्थात तिच्या बाजूने.

मग डॉक्टर बाई पुन्हा गंभीर झाल्या. दोन्ही उपचार एकत्र द्यायची पद्धत तशी नवी आहे, काही जणांना खूप फायदा होतो, काहींना होत नाही, असं त्या म्हणाल्या. "तुम्हाला होईलच, असं वचन मी देत नाही. पण तुमचं यकृत हे सोसेल असं मला वाटतं, आणि करून पाहण्यासारखं आहे."

मला ते बरं वाटलं. गावातला प्रत्येक जण मला 'काही होत नाही' म्हणत होता. खरं बोलणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं.

त्या जायला निघाल्या तेव्हा जाऊने त्यांना थांबवलं. "डॉक्टर, एक इचारतो. इच्यासंगं एका ताटात जेवलं तं ते कावीळ होते काय?"

"नाही. एका ताटात जेवून, एका पेल्यात पाणी पिऊन, शेजारी झोपून हा विषाणू पसरत नाही. रक्तातून पसरतो. तरी घरच्यांनी लस घ्यावी."

"बरं," जाऊ म्हणाली. आणि माझ्या पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

सकाळी मला आत नेलं. खोली थंडगार होती, टेबल अरुंद. मला वाटलं होतं भूल देऊन झोपवतील, पण फक्त मांडीपाशी बधिर केलं. नळीचं काम करणारे डॉक्टर तरुण होते, नागपुरी हिंदी-मराठीत एकसारखे बोलत होते. "ताई, डरना नहीं. मी सांगेन तेव्हा श्वास धरायचा, सोड म्हटलं की सोडायचा. बाकी काम माझं."

नळी आत गेलेली कळलीसुद्धा नाही. मग त्यांनी म्हटलं, "आता गरम वाटेल," आणि पोटात कोणीतरी कोमट पाणी ओतल्यासारखं पसरत गेलं. मान वळवली की मला पडदा दिसत होता. त्याच्यावर एक झाड उगवलं, पानं गळालेलं, काळ्या फांद्यांचं. आणि एका फांदीच्या टोकाला शाई सांडल्यासारखा गोल डाग.

"ते दिसतंय ना, तीच गाठ," डॉक्टर म्हणाले. "बघायचं नसेल तर डोळे मिटा."

मी मिटले नाहीत. इतके महिने जे माझं अन्न खात होतं ते मला पाहायचं होतं. मी श्वास धरला, सोडला, पुन्हा धरला. नळी फांदीतून फांदीत जात राहिली. शेवटी त्यांनी औषध आणि मणी सोडले, आणि तसाच कोमटपणा पुन्हा पसरला. पडद्यावर झाड पुन्हा उगवलं. या वेळी त्या फांदीच्या टोकाला काहीच नव्हतं. फांदी मध्येच थांबली होती.

"हो गया, ताई," ते म्हणाले.

त्यानंतर पाय सरळ ठेवून बराच वेळ पडून राहायचं होतं. जाऊ चमच्याने पाणी पाजत होती आणि मी गुडघा हलवला की दटावत होती. संध्याकाळपासून ताप चढला. पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होईल, गाठ मरायला लागली की शरीर तापतं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी जाऊला म्हटलं, "मले घरी घेऊन चाल. मले नाई जमत हे."

तिने माझ्या कपाळावरचं फडकं उलटवलं. "माहीत हाये तुले नाई जमत. तुले कायच जमत नाई. पन ताप उतरू दे, मंग जाऊ."

ताप उतरला, आणि आम्ही गावाला परत आलो.

मग दर तीन आठवड्यांनी नागपूरची वारी सुरू झाली. सलाईन लावायची खोली खालच्या मजल्यावर होती, ओळीने खुर्च्या, खिडकीतून एक कडुनिंब दिसायचा. पहिल्यांदा जाताना मी केस कापून गेले होते, गळतील म्हणून. नर्स म्हणाली, "काकू, कशाला कापले? या औषधाने केस जात नाहीत." जाऊ वॉर्डभर ते सांगत फिरली. पैशाचं कसं जमलं ते सांगत बसत नाही. औषधाच्या कंपनीची मदत मिळाली, शासनाची योजना कामी आली, दोघा भावांनी मिळून बाकीचं पाहिलं. जमलं.

दरम्यान तपासण्यांचे निकाल आले. मुलगी आणि हे, दोघंही ठीक. लस घेतली. मंगरूळपीरला राहणारा माझा धाकटा भाऊ मात्र पॉझिटिव्ह निघाला. त्याच्याही रक्तात तोच विषाणू. पण यकृत चांगलं होतं, वेळेत सापडला. आता तोही माझ्यासारखी रोज एक गोळी घेतो आणि ठरल्या वेळी तपासणी करतो. तो मला फोनवर म्हणाला, "ताई, तू आजारी नसती पडली तं मले समजलंच नसतं." मी त्याला म्हटलं, गोळी चुकवू नको, बाकी मला काही सांगू नको. फोन ठेवल्यावर मात्र मशीनसमोर बसून रडले.

काही महिन्यांनी पहिला स्कॅन झाला. मोठी गाठ बरीचशी मेलेली होती, पण एका कडेला जिवंत भाग उरला होता. म्हणून नळीचा उपचार पुन्हा केला. या वेळी मला सगळं माहीत होतं. श्वास धरा म्हणायच्या आधीच मी धरत होते, तर ते तरुण डॉक्टर म्हणाले, "ताई, आता तुम्हीच करून टाका, मी चहा घेऊन येतो."

उन्हाळ्यात एक वाईट वेळ आली. मला जुलाब लागले. घरात आंब्याचा रस सुरू होता, मला वाटलं त्यानेच झालं असेल. एक दिवस गेला, दुसरा गेला. सारखं जाऊन जाऊन अंगात उभं राहायचं बळ उरलं नाही. जाऊने भिंतीपलीकडून आवाज दिला, "किती खेपा झाल्या वं तुह्या? मी ऐकून राह्यलो." मी म्हटलं, रस बाधला. ती आली, माझं तोंड पाहिलं आणि तिथेच उभी राहून दवाखान्याला फोन लावला. पहिल्या सलाईनच्या दिवशी नर्सने बजावलं होतं की अंगावर पुरळ, जुलाब, दम लागणं, काहीही झालं तरी घरी उपाय करू नका, आम्हाला कळवा. मी विसरले होते. ती विसरली नव्हती.

"लगेच घेऊन या," तिकडून सांगितलं.

रसाचा काही दोष नव्हता. जागे झालेले राखणदार माझ्याच आतड्यावर उठले होते. या औषधाने कधीकधी असं होतं, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सलाईन थांबवलं. इतके दिवस सुईला घाबरत होते, आता सुई नाही म्हणून घाबरले.

"काही दिवसांची विश्रांती आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पेशी कामाला लागल्याची ही एक खूण आहे. जास्तच कामाला लागल्या. त्यांना जरा शांत करू, मग बघू."

जुलाब थांबले. गोळ्या हळूहळू कमी केल्या. पावसाळ्यात पेरण्या उरकल्यावर सलाईन पुन्हा सुरू झालं आणि तसा त्रास परत झाला नाही. फक्त गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली, त्याची एक गोळी रोज सकाळी घ्यावी लागते.

भाद्रपदात आमच्या एका नात्यातल्या घरी महालक्ष्म्या बसल्या होत्या. आमच्याकडे त्या जेवणाला सगळा गोतावळा जमतो. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. मी बऱ्याच दिवसांनी जरीचं लुगडं नेसले होते. पंगत बसली आणि वाढणाऱ्या बाईने माझ्यासाठी पत्रावळ मांडली ती ओळीपासून चार हात लांब, भिंतीच्या कोपऱ्यात. पाण्याचा पेलाही वेगळा, कागदाचा. मी त्या कोपऱ्याकडे वळले.

जाऊ तोवर पंगतीत बसली होती. तिने स्वतःची वाढलेली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, आंबीलाचा द्रोण सांभाळत चालत आली आणि माझ्याजवळ कोपऱ्यात बसली.

"अवं जाऊबाई, तुमी तिकडे बसा ना," वाढणारी म्हणाली.

"काहून? इथं भात कमी भेटते काय?" जाऊ म्हणाली. मग माझ्या पत्रावळीवरची पुरणपोळी मोडून तिने अर्धी स्वतःच्या तोंडात घातली. सगळ्या बायका पाहत होत्या. घास गिळून ती मोठ्याने बोलली, "म्या डॉक्टरले इचारलं हाये. संगं जेवून होत नाई. रगतातून होते. त्याची सुई भेटते, तुमीबी घेऊन टाका. अन् इनं जलमात दारू पाह्यली नाई, ज्याले बोलाचं हाये त्यानं माह्याशी बोलावं."

थोड्या वेळाने घरची म्हातारी उठून आली, आमच्या दोघींच्या समोर बसली, आणि तिने तूप मागितलं. मग आणखी दोघी आल्या. कोपऱ्यात जागा पुरेना. पुढच्याच आठवड्यात त्यातल्या तीन बायका माझ्याकडे ब्लाऊजाची मापं द्यायला आल्या आणि जाता जाता लसीबद्दल विचारून गेल्या.

थंडीत पुढचा स्कॅन होता. त्या दिवशी आम्ही दोघी पहाटेच्या बसने निघालो. बसमध्ये ती झोपली, मला झोप आली नाही. डॉक्टर बाईंच्या खोलीबाहेर बसलो तेव्हा ती बांगड्या मागेपुढे करत होती, आणि मी भिंतीवरचा हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता पुन्हापुन्हा वाचत होते.

आत गेल्यावर डॉक्टर बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. एक चित्र पहिलं, एक आजचं. पहिल्यात गाठ उजळ दिसत होती. आजच्यात तिच्या जागी एक आक्रसलेला काळपट डाग होता.

"रक्त घेणारा भाग कुठेच दिसत नाही," त्या म्हणाल्या. "लहान गाठही गेली आहे. रक्तातली कॅन्सरची खूणही उतरली आहे."

"मेली काय?" जाऊने विचारलं.

"आज तरी जिवंत काही दिसत नाही. संपलं, असं मी म्हणणार नाही. सलाईन अजून काही काळ चालेल, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा, विषाणूची गोळी कायमची. परत आली तर परत उपाय करू. पण हा निकाल फार चांगला आहे." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळ्यांचं असं होत नाही. तुमचं झालं. आनंद करा."

बाहेर आलो. ऊन पडलं होतं. मला वाटलं होतं अशी बातमी ऐकली की मी रडेन, पण मला भूक लागली होती, सरळ साधी भूक. रस्त्यावरच्या गाडीवर आम्ही तर्री-पोहे खाल्ले. तिथून वर पाहिलं तर पुलावरून मेट्रो गेली. इतक्या खेपांत आम्ही ती दर वेळी पाहत होतो.

"एक डाव बसू इच्यात," जाऊ म्हणाली.

"बस चुकन ना."

"चुकू दे. दुसरी नाई काय?"

सरकत्या जिन्यावर ती माझा दंड घट्ट धरून उभी राहिली. आत डबा थंड होता, जागा भरपूर. गाडी घरांच्या गच्च्यांवरून निघाली. वाळवणं, पाण्याच्या टाक्या, पतंग उडवणारी पोरं, एक तळं. तिने चपला काढून पाय सीटवर घेतले. समोरच्या मुलीने पाहिलं तसे परत खाली सोडले. आम्हाला उतरायचं होतं ते स्टेशन आलं आणि गेलंही. आम्ही खिडकीलाच नाक लावून होतो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हे होते. सकाळपासून वावरात फोन हातात धरूनच असणार.

"काय म्हने डॉक्टर?"

जाऊने फोन ओढून घेतला आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "भाऊजी, गाठ मेली! हाव, डॉक्टरनंच दाखोलं! ... नाई, रडून नाई राह्यली ते, चांगली हाये... आमी काय? आमी मेट्रोत हावो. कोठी जाऊन राह्यलो ते काई मालूम नाई."